बिनतारी

साहेबांच्या वार्षिक अहवालात
आमच्या बेटाला दोनच परिच्छेद:
एक उद्योग, एक दळणवळण.
मी दुसऱ्यात नोकरीला.
‘बिनतारी केंद्र एक, स्थानिक मदतनीस एक.’
त्यातला दुसरा एक म्हणजे मी, बाउरो.
अहवालात नाव मावलं नाही.

आई विचारते, उद्योग म्हणजे काय रे?
मी खिडकीतून दाखवतो:
फावडी, रुळांवरचे डबे, सुकवायच्या भट्ट्या,
आणि समुद्रावर हात लांबवून उभा लोखंडी सांगाडा,
ज्याच्या बोटांतून आमची जमीन
भुरूभुरू जहाजात पडते.
आई म्हणते, हा तर नसता उद्योग.

दळणवळण तिला लगेच कळलं.
आधी दळतात. मग जहाज वळतं.

रोज संध्याकाळी सहाला मी कान झाकून बसतो.
तिकडे सुवाच्या कचेरीत एक माणूस असतो,
आम्ही एकमेकांना पाहिलेलं नाही,
पण त्याचा हात मी ओळखतो:
रेघ जरा फरफटत आणतो, जुन्या चपलेसारखी,
सर्दी झाली की त्याचे ठिपके चिकटतात.
त्याला मी आकडा देतो.
आज इतके टन. काल तितके.
पश्चिमेचा वारा सुटला की जहाज बोयावर ठरत नाही,
त्या दिवशी शून्य.
शून्याला पाच रेघा लागतात, पाचही लांब.
मी त्या सावकाश ओढतो.

आमच्याकडे नदी नाही, ओढा नाही.
पाणी बेटाच्या पोटात,
अंधारातल्या गुहांत,
तिथे फक्त बायका उतरतात
कोपरांवर सरपटत, करवंट्या घेऊन.
पुरुषांनी वाटसुद्धा विचारायची नाही.
आई, नेई बेराइती, चाळीस वर्षं उतरली.
मागच्या महिन्यात रिकाम्या करवंट्या घेऊन वर आली,
केसांत पांढरी धूळ.
छत उकललंय, म्हणाली,
पाण्यावर उजेड पडलाय.
उजेड पडला हे तिने
कुणी गेल्यासारखं सांगितलं.

आता कंपनीचं पाणी विकत घेतो.
पत्र्याच्या पिंपातलं, कोमट. पावती मिळते.

वरच्या त्या जमिनीला नाव होतं.
इथे चटईएवढ्या तुकड्यालाही असतं.
तिचं ते कारवा, म्हणजे आभाळ.
कागदावर अंगठा आजोबांचा आहे.
त्या दिवशी आजोबा होडी घेऊन बाहेर होते,
असं आई म्हणते, आणि मग विषय बदलते.

काल सहाला
आकड्याच्या जागी माझ्या बोटांनी नाव पाठवलं.
ते कारवा.
पलीकडून: पुन्हा सांगा.
ते कारवा.
पुन्हा सांगा.
तिसऱ्या वेळी खांबावर फ्रिगेट पक्षी येऊन बसला,
वरची तार हलली,
आभाळ आभाळातून गेलं
आणि पलीकडे बराच वेळ कुणीच नव्हतं.
मग तो ओळखीचा हात, आज न फरफटता:
या शब्दाला फॉर्मवर रकाना नाही. आकडा पाठवा.
थोडं थांबून, नियमाबाहेरचं:
बरा आहेस ना?

मी आकडा पाठवला.
अहवालात येईल: सेवा समाधानकारक,
एका संध्याकाळी किरकोळ व्यत्यय.

बिनतारी म्हणजे ज्याला तार नाही ते,
असं प्रशिक्षणात शिकवलं होतं.
ज्याला तारणारं कुणी नाही
त्यालाही हाच शब्द चालेल का,
हे विचारायचं राहून गेलं.

रात्री आई करवंट्या पुसून उपड्या घालत होती.
तुझ्या त्या यंत्रातून खाली ऐकू जातं का?
म्हटलं, नाही. फक्त लांब.
ती काही बोलली नाही.
एक करवंटी उचलून दिव्यासमोर धरली,
मग माझ्या हातात दिली:
बघ जरा, हिला कुठे भोक दिसतंय का.