पहिला फोटो

कॅमेरा सुगंधा मढवींच्या ब्लाउजला लावताना
पहिला फोटो नेहमी माझाच निघतो:
हनुवटी, मानेवरचा घाम.

मग दर अर्ध्या मिनिटाला एक.
जवळा, तांदळाची भाकरी,
डॉक्टरांना न सांगितलेला चौथा चहा.

आठवड्याने घणसोलीत, त्यांच्या ओट्यावर,
आधी त्या बघतात, मग मी. तसा नियम.
"हा पूस. न्हानीतला.
हा सुनेचा, तिनं कुठं सही केलीय?"

मधेच चाळीस मिनिटं काळोख.
"शेजारीन आलती. रडत व्हती.
मी वर हात धरला."

रकान्यात लिहिते: कॅमेरा झाकलेला.
कारणाच्या जागी रेघ.

टॅब मिटताना त्यांचं बोट
परत पहिल्या फोटोवर येतं.
"आनि ही मान कुनाची?
तुला इचारलं का कुनी?"