इतर

कंपनीनं फॉर्म पाठवलेत काउंटरवर.
ग्राहकाने हे उत्पादन का निवडले?
आरोग्य. पर्यावरण. किंमत. इतर.
खूण मी करायची, गिऱ्हाईक गेल्यावर.

नवी पेठेत दुपारी तीनला
रस्त्यावर फक्त ऊन हिंडतं.
मी टॉवेलांच्या घड्या मोडतो, पुन्हा घालतो.
न रंगवलेल्या सुताचा कप्पा दाराजवळ:
रंग म्हणाल तर ज्वारीच्या पिठाचा,
दर शेजारच्या लालभडकाच्या दीडपट.

बिराजदार बाई आल्या, सुनेला सातवा महिना.
टॉवेल गालाला लावला,
माझ्याकडं बघितलं, पुन्हा गालाला.
पृथ्वीचं नाव काढलं नाही. दोन घेतले.

विजापूर रोडचा तो इंजिनिअर
सहा घेऊन गेला,
कारण वरच्या मजल्यावरच्यांनी चार घेतले होते.
पिशवी कागदाचीच पाहिजे म्हणाला,
आणि लेबल बाहेरून दिसलं पाहिजे.
मी 'पर्यावरण'वर खूण केली. काय करणार?

एका कॉलेजच्या पोरीनं
लेबल अथपासून इतिपर्यंत वाचलं.
"खरंय का हो हे सगळं?"
"छापलंय तर," मी म्हणालो.
तिला तीस रुपये कमी पडले, ते मी घातले.
का, ते विचारायला माझा फॉर्म नाही.

सांजच्याला मल्लेशम कोंगारी आले.
अक्कलकोट रोडच्या डायहाउसात एकतीस वर्षं.
काम सोडून चार झाली, तरी
नखांच्या मुळाशी अजून निळं.
काचेच्या ग्लासात पाणी मागितलं.
मला वाटलं, तहान लागली असेल.
त्यांनी टॉवेलचं टोक बुडवलं,
पिळलं,
ग्लास ट्यूबलाइटकडं धरला.

पाणीच होतं.

"नाल्याकडं बघून वार सांगायचो आम्ही,
सोमवारी हिरवा, गुरुवारी जांभळा."
हसले. मग हसणं राहूनच गेलं तोंडावर,
काढून ठेवायचं विसरल्यासारखं.

पेन्शन अकराशे. टॉवेल चारशे साठ.
म्हटलं, मामा, लाल घ्या, टिकेल.
"लाल मला माहितीय," म्हणाले,
आणि नोटा एकेक करून सरळ केल्या.

शटर ओढायच्या आधी फॉर्म घेऊन बसलो.
'इतर'पुढची रेघ बोटभर लांब.
कोरीच ठेवली.
ग्लासातलं पाणी मागच्या मोरीत ओतलं,
आणि ओतताना पहिल्यांदाच
वाकून बघितलं, ते कुठं जातंय.