नडगीच्या लांबीशी

एप्रिल. बाहेर त्रेचाळीस, आत बावीस.
सोलापुरात एवढा गारवा फक्त उंदरांनाच परवडतो,
बिराजदार मॅडम म्हणतात, आणि कुलूप काढतात.

पिंजऱ्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी :
नर, पंधरा आठवडे, दोन्ही अल्फा नाहीत.
म्हणजे यांच्या हृदयाच्या भिंतीवरच्या
दोन जातींच्या कड्या
जन्माआधीच काढून घेतल्यात.
अ‍ॅड्रिनलिन येतं, अंधारात चाचपतं,
कडी लागत नाही हाताला,
रक्ताबरोबर पुढे निघून जातं.

मिल बंद पडली तरी नाना
पहाटे भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे,
छातीवर हात ठेवून.
तिथे भोंगा नव्हता, कान होता.
इथे भोंगा आहे, कान नाही.

मग नानांनी चार माग भाड्याने घेतले अशोक चौकात.
दोन मागांच्या मधल्या बोळात बारा बारा तास उभे,
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
दोरा तुटला की धाव.
सिव्हिलमध्ये फोटो काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले,
हृदय मोठं झालंय.
गल्ली हसली : पोचय्याचं काळीज पहिल्यापासून मोठंच!
नानाही हसले. त्यांना ते आवडलं होतं.
गोळी मिळाली, दुसऱ्या जातीच्या कड्यांवर बूच मारणारी.
ती ते मोडून अर्धीच घ्यायचे,
अर्धी उद्याला.

मी हात आधी चोळून गरम करते.
मॅडमना हे ठाऊक आहे, त्या काही बोलत नाहीत.
उंदराला मात्र माझ्या हाताची ऊब
आपल्यासाठीच आहे असं वाटत असणार.
नंतर ताटलीत एक दाणा, शेंगेतून सोललेला असावा तसा,
ओला, तांबडा.
तराजू चार दशांश स्थळांपर्यंत थरथरतो.

हृदयाचं वजन एकटं लिहायचं नसतं.
त्याला नडगीच्या लांबीने भागायचं.
अंग सुटतं, वाळतं,
नडगी वाढायची तेवढी वाढते आणि गप्प बसते.
नाना गेले तेव्हा अंगावर काही उरलं नव्हतं,
पाय मात्र लांबच्या लांब,
सोलापुरी चादरीच्या बाहेर आलेले.

आम्हाला वाटलं होतं,
ज्याला हाक ऐकूच येत नाही, तो सुखी.
तसं निघालं नाही.
नरांची हृदयं लहानच राहिली.
पट्ट्यावर पळवलं तर दुसऱ्यांच्या आधी थांबली,
मागच्या तारेशी येऊन बसली.
मोठी हाक हृदय फाडते, हे घरी पाहिलं होतं.
पण रोजची बारीक हाक
त्याला वाढवत असते,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग माद्या.
त्याच कड्या काढलेल्या, तीच चिठ्ठी,
आणि हृदयं पुरती वाढलेली.
मॅडमनी आकड्याभोवती गोल केला. परत करा म्हणाल्या.
परत केलं.
त्यांनी पेन टेबलावर ठेवलं,
एसीचा आवाज बराच वेळ ऐकत राहिल्या.
कुठल्या वाटेने? विचारलं मी.
त्यांनी तीन शक्यता सांगितल्या. तिन्हींच्या शेवटी 'बहुतेक'.

संध्याकाळी विडी घरकुलात उतरते.
उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन अम्मा,
पानाच्या कडा नखाने मुडपत,
न बघता दोरा गुंडाळत.
तिच्यासाठी भोंगा कधीच वाजला नाही.
कारखान्याचा चेकर रोज मूठभर विड्या मोडून फेकायचा,
ती वाकून उचलायची.
उंबऱ्याबाहेर आलेली तिची नडगी
मी नुसत्या डोळ्यांनी मोजते,
मग मान वळवते. मेलेल्यांसाठी असतं ते माप.

किती झाले आज? ती तेलुगूत विचारते.
अकरा, मी म्हणते. तुझ्या?
सातशे. पानं वाळकी आहेत.
जरा सर, उजेडात बसलीस.