वजन तेवढंच आहे

पुण्याहून फोटो आलेत, नरसय्यामामा.
डावीकडे सेल नवा होता तेव्हाचा,
उजवीकडे नऊशे तास चालून झाल्यावरचा.
प्लॅटिनमचे कण बघा:
डावीकडे काजळीवर खसखस सांडल्यासारखे,
एकमेकांना न शिवता.
उजवीकडे ज्वारी.
आणि मधे मधे नुसतीच काजळी,
पंगत उठून गेल्यावरच्या जमिनीसारखी.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारता,
"चोरी झाली की काय मॅडम?"

नाही मामा. वजन जवळजवळ तेवढंच आहे.
धाकटे कण आम्लात विरघळतात
आणि थोरल्यांच्या अंगावर जाऊन बसतात.
थोरले फुगतात.
पण हायड्रोजनला हात लावायचा तो कातडीनं.
पोटात गेलेलं प्लॅटिनम
हायड्रोजनला कधी भेटतच नाही.

तुम्ही बराच वेळ बघत राहता.
"म्हणजे आमची भद्रावती पेठ की हो.
घरटी चार माग होते, खालच्या खोलीत.
मोडले थोडेच?
आहेत की सगळे, अक्कलकोट रोडला,
एकाच पत्र्याखाली."

या क्रियेला एका जर्मन माणसाचं नाव आहे,
ते मी सांगत नाही.

नववीच्या पुस्तकात होतं:
उत्प्रेरक अभिक्रिया घडवून आणतो,
स्वतः मात्र बदलत नाही.
एका मार्काला यायचं.
मला मिळाला होता.

*

मार्चमध्ये तुम्ही पंपाच्या सांध्याला
मायेनं मशीनचं तेल लावलंत,
आणि त्यातल्या चिमूटभर गंधकानं
चाळीस हजारांचा सेल संध्याकाळपर्यंत मेला.
मी ओरडले. तुम्ही तीन दिवस
बाहेर कडुनिंबाखाली डबा खाल्लात, एकटे.

तेव्हा एप्रिलात तुम्ही म्हणालात,
"चालताना नाही मरत हो यंत्र. थांबवून पुन्हा चालू करताना मरतं,"
तेव्हा मी मान वर केली नाही.
एकतीस वर्षं जॉबर होता तुम्ही.
"लाईट जाऊन आली की चादरीवर पट्टी पडायची.
पहिल्या चार धोट्यांत.
व्यापारी तेवढंच बोट ठेवून दाखवायचा."

मी अकरा शोधनिबंध वाचले, मग कळलं.
सेल बंद पडला की हवा चोरपावलांनी
हायड्रोजनच्या घरात शिरते.
सकाळी पुन्हा गॅस सोडला
की दोघं एकाच खोलीत समोरासमोर,
आणि पलीकडच्या बाजूला व्होल्टेज चढतं दीडपर्यंत.
तिथं काजळीच जळते.
कण जिच्यावर उभे, तीच.
ते मग सुटतात, कुठेतरी अडकतात,
तारेचा धागा तुटलेले.

*

चौदा मे. बेचाळीस पूर्णांक आठ.
रात्री एक चाळीसला होटगी रोडचा फीडर गेला,
असं सबस्टेशनचा माणूस म्हणाला.
माझ्या आलेखात एक चाळीसला काहीच नाही.
सरळ रेघ.
सकाळी इन्व्हर्टरशेजारी दोन जाड बॅटऱ्या,
एकीवर ऑइलपेंटनं "श्री मार्कंडेय प्रसन्न",
हँडलला अजून कापसाचा भुगा चिकटलेला.
तुम्ही खुर्चीत, खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेऊन झोपलेले.
कुणी सांगितलं होतं, मी विचारलं नाही.
तुम्हीही चहाचंच विचारलंत.

रेघ उतरतेच आहे, मामा.
शून्य पूर्णांक सहाशे बावन्न. एकोणपन्नास.
खड्डा नाही, एवढंच. उतार आहे.

"हे थोरले," तुम्ही फोटोवर नख ठेवता,
"परत धाकटे होतात का?"
होतात. सगळं काढून, तेजाबात विरघळवून,
पहिल्यापासून नवीन काजळीवर मांडावं लागतं.

"तेजाबात," तुम्ही म्हणता.
टॉवेल झटकता, डबा उचलता,
सवयीनं पंख्याच्या बटणाकडे हात नेता,
आणि पंखा तसाच चालू ठेवून
जिना उतरू लागता.