ब्लॉक सतरा

दर पाचव्या दिवशी, पावणेअकराच्या सुमारास
तो घयाथीवरून जातो. आवाज नाही, सावली नाही.
आणि मी अबुधाबीत, बाराव्या मजल्यावर,
त्याने काय आणलं ते उघडून बसते.

आमच्या नकाशात जिवंत पान लाल दिसतं.
डोळ्याला न दिसणारा उजेड पान परत फेकतं,
तोच आम्ही लाल रंगवतो.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
मग वाळलेलं कसं दाखवता, हिरवं?

वाळूत रांगेने लावलेलं जंगल.
घाफ, म्हणजे आपली शमी. सिद्र, म्हणजे बोर.
प्रत्येक खोडाशी काळी नळी, नळीला ठिबक.
आलेख वर्षभर सपाट.
मी चंद्रपूरची. माझ्या ओळखीचं जंगल
मार्चमध्ये पानं झाडून मोकळं होतं,
पायाखाली वाजतं.
इथे ऋतू म्हणजे एक व्हॉल्व्ह,
पहाटे चार ते सहा.

मग एक चौकोन सापडला, दहा मीटरचा,
कुंपणापासून तिसरा.
नोव्हेंबरात उठतो, जानेवारीत भरात येतो,
एप्रिलात पडतो. तीन वर्षं, हेच.
बाकी साडेचार हजार चौकोन गाढ झोपलेले,
हा एकटा कूस बदलणारा.

सेन्सरचा दोष, हनी म्हणाला. पुसून टाक.
मी गाडी मागवली.

अडीच तास. शाळेत हजेरीला उभी केल्यासारखी झाडं.
ब्लॉक सतरामध्ये नळीचा एक सांधा फुटलेला.
फुटलेला नव्हे, सैल केलेला,
वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली
हवं तेवढंच गळेल अशी.
खाली वाफे. लाल माठ, मुळा,
आणि दुधीचा वेल थेट घाफवर चढवलेला.
पांडवांनी शमीवर शस्त्रं लपवली,
याने दुधी.

हा म्हणजे तोफज्जल, बरिशालचा, व्हॉल्व्हवाला.
हातात उपटलेला मुळा,
आणि तो लपवायला सगळं वाळवंट कमी पडलेलं.
आपोआप उगवलं मॅडम, म्हणाला.
मुळे आपोआप ओळीत उगवत नाहीत
हे आम्हा दोघांनाही माहीत.

मी कोपरे मोजले, आकडे टिपले.
वरून दिसतं? त्याने विचारलं.
दिसतं.
कोण बघतं?
मी.
तो बराच वेळ वर पाहत राहिला, मग माझ्याकडे,
मग काय ठरवलं कुणास ठाऊक,
मुळ्याची माती झटकली
आणि मुळा माझ्यापुढे धरला.

अहवालात कारणाचा रकाना असतो.
छाटणी, कीड, सेन्सरदोष, ढग. यातलं एक निवडायचं.
घयाथीवर ढग येतो तो पाहुण्यासारखा,
चप्पलही न काढता परत जातो.
मी लिहिलं, ढग.
सही करताना हनीने एवढंच विचारलं,
तीन वर्षं, एकाच जागी?
लहान होता, म्हटलं.

आज नोव्हेंबरची एकोणीस.
चौकोन अजून करडा आहे.
मागच्या वर्षी याच सुमारास कोपरा लालसर झाला होता,
मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली,
मोठी करून पाहिली, इतकी मोठी
की फक्त रंगाचे ठोकळे उरले.
सुट्टीवर गेला असेल. बियाणं उशिरा मिळालं असेल.
की कुणी येऊन सांधा आवळला,
माझ्याच आकड्यांवरून.
इतक्या उंचीवरून ते कळत नाही.
पुढची फेरी सोमवारी.