मिठाचा हात

टिपणीस डॉक्टर नौपाड्यात दात काढतात,
आणि शनिवारी दुपारी दवाखान्याचं शटर अर्धं ओढून
माझ्याकडे वागळे इस्टेटला येतात,
मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं कुणीतरी घेऊन.
परवान्याची वही वेगळी, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

या वेळी चारशे दहाची मस्कट होती.
इशापूरची. साल त्रेचाळीस, कड्यावर ठोकलेलं.
आधी रायफल होती ती. मग कुणा साहेबाच्या हुकमाने
नळीतले आटे खरवडून गुळगुळीत केले,
पोलिसांच्या हाती द्यायला;
लांबचं मरू नये, जवळचं तेवढं बिचकावं.
डॉक्टर म्हणाले, "म्हणजे हिची अक्कलदाढ काढली."
मी हसलो नाही. नळीला डोळा लावला होता.
आत काळोख, आणि काळोखाच्या टोकाला
ट्यूबलाइटचा एक रुपया.

घाई करायची नाही हे मी चेंदणीत शिकलो.
होडीचं इंजिन खाडीच्या पाण्याने धरलं की
बाबा ते दोन रात्री रॉकेलमध्ये निजवायचे.
गंज म्हणजे गोचीड नव्हे, ओढून निघत नाही.
त्याला वाटलं पाहिजे, आपणच सोडतोय.
पितळेचा ब्रश. फडकं. तेल. पुन्हा फडकं.
स्क्रूच्या खाचेत बसेल असा पेचकस
मी दरवेळी नवा घासतो.
दुसऱ्याचा पेचकस म्हणजे दुसऱ्याची चप्पल.

दस्ता गरम पाण्याने पुसला
तर काळ्या तेलाखालून पाचरी दिसायला लागल्या.
एक टाचेशी, शंकरपाळ्याएवढी.
एक बोटाच्या पेराइतकी.
तिसरी रेषेला रेष जुळवून अशी बसवलेली
की नखाला लागली, डोळ्याला नाही.

डॉक्टरांना विचारायचं असतं, हिने कुणाला मारलं.
मला विचारायचं असतं, ही पाचर कुणी मारली.
कुठल्या डेपोत, काय रोजावर,
दिवसाला अशा किती,
आणि झाल्यावर ओला अंगठा फिरवून पाहिला का त्याने,
आत्ता मी पाहिला तसा?
त्याचं नाव नाही. शिक्का आहे तो तपासणाऱ्याचा.

मग जवसाचं तेल, उघड्या तळहाताने, अठरा दिवस.
बायको म्हणाली, ताटात चटणी नाही तरी वास येतोय.

एक सांगायचं राहिलं. माझ्या घामात मीठ जास्त.
लाकडाला चालतं. पोलादाला नाही.
टूलरूमला होतो तेव्हा फोरमन वर्तक
गेजच्या कपाटाजवळ मला फिरकू द्यायचे नाहीत.
मी धरलेल्या वस्तूवर दुसऱ्या सकाळी
पाचही बोटं उमटायची, तांबूस, हजेरी लावल्यासारखी.
म्हणून नळीला हात लावायचा तो मोजे घालून. कायम.

निवडणूक लागली. नोटीस आली, हत्यारं जमा करा.
डॉक्टरांनी नंबर लिहून पावती घेतली
आणि ही दोन महिने पोलीस ठाण्याच्या खोलीत
येऊरच्या बंगलेवाल्यांच्या बारा बोअरना टेकून उभी राहिली.
निकाल लागला. कोण आलं ते पेपरात होतं.

परत आली तर नळीवर, माशीच्या जरा मागे,
एक अंगठा. गंजाचा. वळणांसकट पुरा.
आतून काढलेले आटे
जणू बाहेर उगवले होते.

"हवालदाराचा असणार," डॉक्टर चिडले, "काढून टाका."
मी हो म्हटलं. स्टील वूल घेतलं, तेलाची बाटली उघडली.
मग उजव्या हाताचा मोजा काढून
माझा अंगठा त्याच्याशेजारी धरला.

शेवटच्या दिवशी, दस्ता पुरा झाला तेव्हा,
एकदाच, मोज्याशिवाय,
माशीपासून खाली हात फिरवला होता का मी?
भोवऱ्याला भोवरा जुळतोय असं वाटतं.
पण उजेड कमी आहे, वाचायचा चष्मा घरी राहिलाय,
आणि डॉक्टर खाली गाडी चालू ठेवून थांबलेत.