कूलर बंद करून

खलाशी लाइनमध्ये आटाचक्कीच्या वरची खोली.
दारात चपलांचे सात जोड, एकाचा अंगठा तुटका.
मी माझ्या आठव्या ठेवल्या थोड्या लांब,
मधूनच उठून पटकन निघता यावं म्हणून.

लॅबमधली सुवार्ता महिनाभर मागे लागली होती :
"ये ना वं एकदा. नाही पटलं तर नको येऊ.
पोहे तर मिळतील."
पोहे खरंच होते. तर्री वेगळ्या पातेल्यात,
आणि एकच चमचा, तो फिरत होता.

मे महिना. साडेसात वाजून गेले तरी
भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
खिडकीत पत्र्याचा कूलर, खसाच्या नव्या ताट्या,
पण आवाज असा, की शेजारणीचं नाव
मी तीनदा विचारलं.
म्हणून इथला नियम : ज्याची पाळी,
त्याच्या बोलण्यापुरता कूलर बंद.

बटणाजवळ सिलास. मेट्रोत नोकरीला आहे,
माणसं थांबवायची, सोडायची सवय त्याला.

उतारा वाचून झाला. खट्.
एलिस तिर्की, मेयोत नर्स, म्हणाली,
मंगळवारी एका म्हाताऱ्याचे पाय पुसताना
मला किळस आली.
आणि मग किळस आल्याची लाज.
एवढंच. खट्.
वारा आला, ओला, खसाच्या वासाचा.

थॉमसचं मराठी नागपुरातच शिकलेलं.
"तिसऱ्या वेळी नापास. देव मले पास नाही करून राहिला."
सगळे हसले, तोही हसला,
मग त्याचं एकट्याचं हसणं
मध्येच कुठेतरी अडकलं.

मला वाटलं होतं, एखादा दादा असेल,
डोळे मिटा म्हणेल, हात वर करा म्हणेल,
प्रत्येक दुखण्याला वचन काढून देईल
औषधाच्या दुकानासारखं.
इथे कुणी कुणाला उत्तर देत नव्हतं.

खट्.
माझी पाळी.

सांगायचं होतं की अचलपूरहून आई फोन करते,
उपासनेला जातेस ना, मी हो म्हणते,
आणि रविवारी सकाळी कपडे धुते.
सांगायचं होतं की अनुग्रहच्या रक्ताची स्लाइड
मीच रंगवली होती.
धाकटा भाऊ. साधा ताप, असं समजून.
भिंगाखाली त्या पेशी मी मोजल्या,
चुकले असेन म्हणून पुन्हा मोजल्या,
आणि तिसऱ्यांदा मोजताना जे मागितलं
ते शेवटचं मागणं.
त्यानंतर त्याच्याशी बोललेले नाही.
कुणाशी, ते इथे सगळ्यांना कळलं असतं.

पण जीभ उचलली नाही.

ताट्यांतून थेंब पडायचा टाकीत.
खाली चक्कीचा पट्टा थांबला.
एक मिनिट म्हणजे किती
ते मे महिन्यात, बंद खोलीत मोजावं.
थॉमसचा चष्मा नाकावरून घसरला, त्याने वर केला,
पुन्हा घसरला, राहू दिला.
सुवार्ताच्या कपाळावरून घाम थेट डोळ्यात.
कुणी वहीने वारा घेतला नाही.
कुणी घसा खाकरला नाही.
मी सिलासच्या हाताकडे बघत होते :
आता दाबेल, आता दाबेल बटण,
पुढच्याला सोडेल.
त्याने हात उचलला
आणि मांडीवर ठेवला.

किती वेळ गेला, सांगता येत नाही.
आठ माणसं उकडत होती
माझ्या न बोलण्यासाठी.

"लावा ना बाप्पा कूलर," मी म्हणाले.

एलिस हळूच म्हणाली, आमेन.
ती थट्टा होती का,
मला अजून माहीत नाही.
सुवार्ता खुदकन हसली, आणि मी रडले,
की उलटं झालं, कूलरच्या आवाजात
काही ऐकू आलं नाही.

निघताना सिलास म्हणाला,
पुढच्या गुरुवारी टाकी भरायची पाळी तुझी.
कुणी ठरवलं, विचारलं नाही मी.

आज लवकर आले.
चक्कीच्या मागच्या नळाला धार बारीक.
पायऱ्यांवर पिठाची पूड,
तिच्यावर माझ्या बादलीतलं हिंदकळलेलं पाणी.
मागून येणाऱ्यांनी
जरा जपून यावं.